पैसे न भरताही लेख खुला करता येतो

ओपन ॲक्सेस, म्हणजे संशोधनलेख कुणालाही फुकट वाचता येईल असा खुला ठेवणं, हे लेखकाने खिशातून पैसे मोजल्याशिवाय होत नाही, म्हणून वैद्यकीय विद्यापीठांतले तरुण संशोधक त्या वाटेला जात नाहीत, असं बरेचदा म्हटलं जातं. शुल्काचा जाच खराच, पण रस्ता तेवढा एकच नाही. ओपन ॲक्सेसची व्याख्या मांडणाऱ्या २००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यातच दोन मार्ग सांगितले आहेत: खुली नियतकालिकं, आणि लेखकाने स्वतः आपला लेख विद्यापीठासारख्या संस्थेच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवणं. शिवाय डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या सूचीतली निम्म्याहून जास्त नियतकालिकं लेखकाकडून काहीच घेत नाहीत.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. वर्गणीवर चालणारी बरीच नियतकालिकं संग्रहासाठी परवानगी देतात ती स्वीकृत हस्तलिखिताला, म्हणजे परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या झालेल्या पण प्रकाशकाची मांडणी न झालेल्या प्रतीला. तीही अनेकदा ठरावीक महिने थांबून. माझ्या पहिल्या लेखाच्या वेळी ग्रंथपालांनी नेमकी तीच मागितली. माझ्याकडे छापील पीडीएफ होती, आणि 'फायनल ३', 'फायनल ३ नवीन' अशा नावांच्या सात फायली. खरी प्रत पंधरा दिवसांनी सहलेखकाच्या जुन्या ईमेलमध्ये सापडली. तेव्हापासून स्वीकृतीचं पत्र आलं की त्याच दिवशी मी ती फाईल ग्रंथालयाकडे पाठवते.