थ्रेशरच्या दिवसांत केसरोपण करू नका

केसरोपण केलेला एखादा सांगतो, ‘चौथ्या दिवशी ऑफिसला गेलो, काही त्रास नाही’, ते एसीत बसणाऱ्यासाठी ठीक आहे. मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. दिवाळीआधी नागपूरला एफयूई (डोक्याच्या मागची केसांची मुळं एकेक काढून टक्कल पडलेल्या जागी लावतात ते) करून घरी आलो, तर समोरच्या वावरात सोयाबीनचं थ्रेशर सुरू! भुसा सगळा अंगणात. डोक्याला दुपट्टा गुंडाळायची आपली सवय, पण पहिले आठ-दहा दिवस ते चालत नाही. घट्ट कापडाने लावलेली मुळं घासून निघू शकतात. मग काय, दार लावून आतल्या खोलीत, पाठीला दोन उशा लावून बसल्या बसल्या झोप. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली, तर आई म्हणते, ‘गांधीलमाशी चावली काय रे तुले?’ दोन-तीन दिवसांत ओसरली.

खपल्या दहा-बारा दिवसांत सुटल्या. आईची खोबरेल तेलाची वाटी मात्र रोज परत पाठवावी लागली. तिसऱ्या आठवड्यात लावलेलेच केस उशीवर दिसायला लागले, तेव्हा पैसे बुडाले असंच वाटलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, केस पडतो, मूळ आत राहतं, नवीन यायला तीन-चार महिने लागतात. हे आधी सांगितलं असतं तर दोन रात्री झोप तरी लागली असती.