अनुभव धागा: तुमच्या बोटांखाली कुठला कीबोर्ड आहे? खान्देशकरांनो, लिहा

मोबाइल कुठला घ्यावा यावर आपल्याकडे पारावर तासभर चर्चा चालते. कीबोर्ड मात्र दुकानदार देईल तो. संगणकासोबत आला, जोडला, विषय संपला. दिवसभर ज्या वस्तूवर आपली बोटे असतात ती निवडताना एवढी बेफिकिरी मला पटत नाही. म्हणून हा धागा काढतोय. तुम्ही कुठला कीबोर्ड वापरता, कशासाठी वापरता आणि तो का आवडतो, ते सविस्तर लिहा. महागडाच असावा असे काही नाही. मराठी कुठल्या पद्धतीने टाइप करता तेही सांगा, कारण माझ्या मते निम्मा कीबोर्ड तिथेच ठरतो.

सुरुवात माझ्यापासून. जळगावात माझे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर मांडून देण्याचे काम आहे. लग्नसराईत पत्रिका, एरवी दुकानांची बिलबुके, संस्थांचे अहवाल, निवडणुका आल्या की पत्रके. माझ्याकडे टीव्हीएस गोल्ड आहे. बँकेच्या खिडकीपलीकडून येणारा तो खटखट आवाज आठवतोय का? तोच. त्यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, चेरी कंपनीचा निळा. बटण साधारण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर निम्म्या वाटेवरच उमटते आणि नेमक्या त्याच क्षणी 'टक्' असा आवाज येतो. बोटालाही छोटासा टप्पा जाणवतो. म्हणजे बटण तळाला आपटावे लागत नाही. आवाज आला की पुढच्या अक्षराकडे जायचे. हाताने लिहिलेला मजकूर बाजूला ठेवून, नजर त्या कागदावरून न हलवता टाइप करणाऱ्याला याचे मोल कळते. अक्षर पडले की नाही हे बघायला मान वर करावी लागत नाही, आणि पत्रिकेतली नातेवाइकांची चाळीस नावे एका दमात होतात.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. एक बटण गेले म्हणून अख्खा कीबोर्ड टाकावा लागत नाही. तेवढा स्विच डिसोल्डर करून, म्हणजे टाका वितळवून काढून, दुसरा बसवता येतो. नवी पेठेतल्या माझ्या ओळखीच्या कारागिराने स्पेसबारचा स्विच माझ्यासमोर बदलून दिला.

आता तुम्ही लिहा.

चाळीसगाव, टायपिंग इन्स्टिट्यूट

भाऊ, विषय अगदी जवळचा काढलात. आमच्याकडे पूर्वी गोदरेजच्या मशिनी होत्या. गोदरेजने १९५५ साली भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, आणि तालुक्यातालुक्यातल्या इन्स्टिट्यूट त्यांच्यावरच उभ्या राहिल्या. सकाळच्या बॅचला एका खोलीत दहा-बारा मशिनी एकदम सुरू झाल्या की शेजारच्या गल्लीतही कळायचे. आता राज्य परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा संगणकावर होते, तिला जीसीसी-टीबीसी म्हणतात. मुले-मुली पूर्वीइतक्याच तळमळीने येतात, कारण लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागतेच.

मी स्वतः मशीनवर शिकले, त्यामुळे मला खोल जाणारी बटणे लागतात. लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर बोट टेकते न टेकते तोच तळ लागतो. शिकणाऱ्यांसाठीही मी जाड, साधे, वायरवाले कीबोर्डच घेते. एफ आणि जे या बटणांवरच्या उंचवट्याच्या रेघा ठळक आहेत ना, एवढे मी दुकानातच बोट फिरवून बघते. दोन्ही तर्जन्या तिथे परत आल्या की बाकीची आठ बोटे आपोआप जागेवर बसतात. ज्या कीबोर्डवर ही रेघ पुसट असते, त्यावर शिकलेली मुलगी आयुष्यभर खाली बघून टाइप करते.

आणि कृपा करून मागचे दोन पाय उभे करून टाइप करू नका. कीबोर्ड मागून उचलला की मनगट वर मोडते आणि तासाभरात दुखायला लागते. पाय मिटवा, खुर्ची थोडी वर घ्या.

जळगाव, दाणा बाजारातल्या अडत दुकानाची हिशेबनीस

माझे सगळे काम टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. मला अक्षरांशी फारसे देणेघेणे नाही, उजवीकडचा आकड्यांचा भाग हाच माझा कीबोर्ड. तो नसलेला लॅपटॉप मालकांनी आणून दिला तेव्हा मी पहिल्याच दिवशी वेगळा कीबोर्ड मागून घेतला.

बघा कसे चालते. मधले बोट ५ वर, त्यावरही बारीक उंचवटा असतो. अंगठा शून्यावर, करंगळी एंटरवर. एफ८ दाबले की विक्री, एफ९ की खरेदी, एफ५ पेमेंट, एफ६ पावती, तारीख बदलायला एफ२. नवा शेतकरी आला की त्याचे खाते तिथल्या तिथे उघडायला आल्ट आणि सी. व्हाउचर पूर्ण झाले की कंट्रोल आणि ए. माउसला हात लावायचे कारणच पडत नाही. हंगामात समोर हमालांची वर्दळ, फोन वाजतोय, शेतकरी काउंटरवर कोपर टेकून उभा, अशा वेळी मी पट्टी बघत आकडे टाकत जाते आणि चूक होत नाही. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळे एका हाताने.

माझ्या कीबोर्डची वरची एफची बटणे चार-चारच्या गटात, मध्ये जागा सोडून बसवलेली आहेत. दिसायला किरकोळ गोष्ट, पण न बघता एफ८ आणि एफ९ मधला फरक त्या फटीमुळेच कळतो. काही नव्या कीबोर्डांत ही बटणे सलग चिकटवलेली असतात, किंवा एफएन दाबल्याशिवाय चालत नाहीत. हिशेबाचे काम करणाऱ्यांनी असला कीबोर्ड फुकट मिळाला तरी घेऊ नये.

पाचोरा तालुका, जिनिंग

ताईंचे बरोबर आहे, फक्त आमच्याकडे आणखी एक भानगड असते: रुईचे तंतू. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की हवेतच तंतू तरंगतात, ऑफिस कितीही बंद ठेवा. खटखट करणारा उघडा कीबोर्ड आमच्याकडे टिकत नाही. तंतू बटणाच्या दांडीला गुंडाळत जातात आणि बटण चिकटायला लागते. म्हणून मी मुद्दाम स्वस्तातला मेम्ब्रेनवाला वापरतो, लॉजिटेक के१२०. त्यात स्विच नसतात. रबराच्या घुमट्या, त्याखाली प्लास्टिकचे दोन पापुद्रे, बटण दाबले की दोन्ही पापुद्र्यांवरच्या रेषा एकमेकींना टेकतात. पापुद्रे झाकलेले असल्यामुळे धुळीला आत शिरायला जागा कमी. वरून सिलिकॉनचे कव्हर. संध्याकाळी कव्हर काढून नळाखाली धरायचे, झाले काम. हात थोडा जड चालतो, पण हंगाम निभतो.

धुळे, शाळेत शिक्षक

मला दिसत नाही. मी एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर वापरतो, ते पडद्यावरचा मजकूर मराठीतही वाचून दाखवते. माउस आणि पडदा दोन्ही माझ्या उपयोगाचे नाहीत. माझ्यासाठी संगणक म्हणजे कीबोर्ड आणि कानातला आवाज. त्यामुळे या धाग्यावर मला मनापासून लिहावेसे वाटले.

एनव्हीडीएचा जवळजवळ प्रत्येक हुकूम इन्सर्ट बटणासोबत असतो. इन्सर्ट आणि टी दाबले की खिडकीचे नाव सांगते, इन्सर्ट आणि एफ१२ दाबले की वेळ. इन्सर्टऐवजी कॅप्स लॉकही नेमता येते, लहान कीबोर्डवर तोच पर्याय असतो. पण माझी पसंती पूर्ण आकाराच्या, जुन्या धाटणीच्या कीबोर्डला आहे. इन्सर्ट, होम, पेज अप, डिलीट, एंड, पेज डाउन ही सहा बटणे एका चौकोनात, खाली बाणांचा उलटा टी, आणि प्रत्येक गटामध्ये बोटभर मोकळी जागा. त्या मोकळ्या जागाच मला रस्ता दाखवतात. डोळस माणसाला सुंदर वाटणारा, सगळी बटणे एकमेकांना खेटून बसवलेला कीबोर्ड माझ्या हाताला सपाट भिंतीसारखा लागतो.

आवाजाबद्दल माझे मत धागा काढणाऱ्या भाऊंपेक्षा वेगळे आहे. टक्-टक् आवाजात स्क्रीन रीडरचे बोलणे बुडते, म्हणून मी शांत मेम्ब्रेनवालाच घेतो. नवा कीबोर्ड आला की एंटर, बॅकस्पेस आणि इन्सर्टवर पारदर्शक चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावतो. शाळेतल्या संगणक कक्षातही दोन कीबोर्डांना तसेच लावून ठेवले आहे. माझा एक विद्यार्थी त्यावर स्वतःचे निबंध स्वतः लिहितो आणि कोणाकडूनही तपासून न घेता माझ्याकडे पाठवतो.

शिरपूर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

सर, तुमचे वाचून मी माझ्या कीबोर्डकडे नव्याने बघितले. माझा आकड्यांचा भाग नसलेला, छोटा, मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला आहे. लाल स्विच, म्हणजे टक् नाही, टप्पा नाही, बटण सरळ खाली जाते. होस्टेलला रूममेट झोपलेला असताना कोड लिहायचा तर निळे स्विच चालत नाहीत. स्विच चिमट्याने उपसून बदलता येतात, सोल्डरिंग लागत नाही. बटणांच्या टोप्या पीबीटी प्लास्टिकच्या घेतल्या, एबीएस प्लास्टिकच्या लवकर तुळतुळीत होतात.

अमळनेर

मी अहिराणीत लिहितो. गोष्टी, गाणी, म्हातारीकोतारी सांगतात ते सगळे. फोनवर अहिराणी लिहिणे म्हणजे डोकेदुखी. मी 'डोया' लिहितो, फोन त्याचा 'डोळा' करतो. 'शे' (म्हणजे 'आहे') लिहितो, तर पुढे भलतेच शब्द सुचवतो. एक ओळ लिहायची आणि चार वेळा मागे जाऊन फोनने बदललेले परत बदलायचे. यात बोलीतली लय तुटून जाते.

म्हणून जुना डेस्कटॉप आणि त्याला साधा कीबोर्ड, मराठी टायपिंगची इनस्क्रिप्ट मांडणी लावलेला. तिथे मी जे बटण दाबीन तेच अक्षर पडते. मधे कोणी शहाणपणा करत नाही. माझी माय बोलत असते आणि मी तसेच्या तसे उतरवत जातो. 'मना भाऊ आते उना' (माझा भाऊ आता आला) म्हटले की तेच कागदावर. बोलीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: फोन बाजूला ठेवा, कीबोर्ड घ्या.

(जाता जाता: पुढे संगणक बनवणाऱ्या विप्रोची सुरुवात १९४५ साली आमच्या अमळनेरच्या तेलाच्या कारखान्यापासूनच झाली. आम्हाला त्याचा फार अभिमान आहे.)

भुसावळ

मी घरून अनुवादाचे काम करते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला की खोलीत बसवत नाही, रात्री सगळे घर गच्चीवर असते. मी टॅबलेट आणि लॉजिटेकचा के३८० घेऊन वर जाते. ब्लूटूथ आहे, तीन उपकरणांना जोडून ठेवता येतो, वरची तीन बटणे दाबून हवे त्यावर जायचे. दोन बारीक सेलवर चालतो. गाद्या टाकून सगळे झोपलेले असले तरी आवाजाने कोणी जागे होत नाही. गोल बटणांची सवय व्हायला थोडे दिवस लागले, एवढेच.

अक्कलकुवा, सेवा केंद्र

आमच्याकडे दाखल्यांचे अर्ज भरून देतो. वीज गेली की डेस्कटॉप बंद, पण पाड्यावरून पायी आलेल्या माणसाला उद्या या म्हणणे बरे वाटत नाही. तेव्हा कीबोर्ड काढून ओटीजी केबलने, म्हणजे मोबाइलला यूएसबी वस्तू जोडायच्या छोट्या वायरने, मोबाइललाच जोडतो. साधा यूएसबी कीबोर्ड लगेच चालतो, वेगळे काही टाकावे लागत नाही. मोबाइल जुन्या पुठ्ठ्याला टेकवून उभा करायचा आणि अर्ज भरायचा. नाव, वडिलांचे नाव, गाव, पाडा, एवढे सगळे अंगठ्याने टाइप करण्यापेक्षा निम्म्या वेळात होते. ब्लूटूथपेक्षा मला वायरच बरी, तिला चार्जिंग लागत नाही.

पारोळा

सगळ्यांचे वाचले, आता एक अडचण विचारतो. मी बरीच वर्षे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीने, म्हणजे रेमिंग्टनने, मराठी टाइप करतो. आता कार्यालयात सगळे युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसेच दिसेल अशा मजकुरात, मागतात आणि इनस्क्रिप्ट शिका म्हणतात. या वयात बोटे वळतील का? कीबोर्डही बदलावा लागेल का?

चाळीसगाव, टायपिंग इन्स्टिट्यूट

दादा, नक्की वळतील. आमच्याकडे तुमच्यासारखे पुष्कळ जण येतात. कीबोर्ड आहे तोच ठेवा, बदल फक्त संगणकाच्या भाषेच्या सेटिंगमध्ये होतो. रेमिंग्टनचीच सवय राहू द्यायची असेल तर त्या मांडणीने युनिकोड टाइप करून देणारी साधनेही मिळतात. पण शिकायची तयारी असेल तर इनस्क्रिप्टच शिका.

रेमिंग्टनमध्ये आपण अक्षर दिसते तसे रचतो. पहिली वेलांटी आधी टाकतो, मग अक्षर. रफार शेवटी. इनस्क्रिप्टमध्ये अक्षर बोलतो त्या क्रमाने येते. 'विद्यार्थी' लिहायचे तर व, मग वेलांटी, द, पाय मोडायचे चिन्ह, य, काना, र, पुन्हा पाय मोडायचे चिन्ह, थ, दुसरी वेलांटी. रफार कुठे बसवायचा ते संगणक बघतो. तुमची बोटे पहिले काही दिवस वेलांटी आधी टाकायला धावतील, तेवढे सांभाळा.

मांडणी सोपी आहे. स्वरचिन्हे डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. क च्या बटणावर शिफ्ट धरली की ख, ग वर घ, त वर थ, ट वर ठ. ल वर शिफ्ट धरली की आपला ळ. पाय मोडायचे चिन्ह डी वर. आणि 'शेतकऱ्यांना' हा आपल्याकडे रोज लागणारा शब्द: त्यातल्या ऱ्या साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, मग काना. साधा र घेतला तर 'र्या' होईल, आणि अर्ज तपासणारा तो लाल पेनाने गोल करील.

बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर मात्र लावू नका. स्टिकर असले की नजर खाली जाते. मांडणीचा कागद छापून मॉनिटरच्या शेजारी भिंतीवर लावा, आणि रोज सकाळी अर्धा तास आधी फक्त मधली ओळ घ्या: ओ, ए, पाय मोडणे, पहिली वेलांटी, पहिला उकार, उजवीकडे प, र, क, त, च, ट. ती बसली की मग वरची ओळ.