गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले ते नुसत्या एसटीवर का?

पंचगंगाकाठचा
मंडळी, आमच्या काकांनी ग्रुपवर परत तोच मेसेज टाकलाय. सांगोल्याचे (सोलापूर जिल्हा) गणपतराव, ११ वेळा आमदार, एसटीने फिरायचे, असे नेते आता होणे नाही वगैरे वगैरे. मी कोल्हापूरचा, सांगोला म्हणजे पंढरपूरला जाताना लागणारं गाव एवढंच माहिती. साधेपणा मान्य, पण साधी माणसं निवडणुकीत काय कमी हरलीत का? १९६२ पासून २०१४ पर्यंत, ते पण शेकापच्या (शेतकरी कामगार पक्ष) तिकिटावर, जो पक्ष बहुतेक ठिकाणी कधीच आटला. तालुक्यातलं कोणी असेल तर नीट सांगा, फॉरवर्ड नको.

माणकाठी
तालुक्यातलाच आहे. आणि एसटीचं ऐकून ऐकून आम्हालाच वैताग आलाय, कारण त्यात बाकीचं सगळं झाकून जातं.
आबासाहेब, म्हणजे गणपतराव, मूळचे सांगोल्याचे पण नाहीत, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकील माणूस. आमच्याकडं विषय कायम एकच, पाणी. लहानपणी टँकर आला की घरातली झाडून सगळी भांडी रस्त्यावर, घागर, पातेली, दुधाची किटली सुद्धा, आणि न्हाणीतलं पाणी आई दारातल्या लिंबाला घालायची. अशा ठिकाणी आमदार कुठल्या गाडीतून येतो याला कोण विचारतंय. नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषद सुरू केली, कृष्णेचं पाणी १३ दुष्काळी तालुक्यांना द्या म्हणून, त्यात आबा शेवटपर्यंत. दरवर्षी परिषद, तोच ठराव, तोच मोर्चा, लोक म्हणायचे काय होणाराय यानं. टेंभू उपसा योजनेतनं कृष्णेचं पाणी आलं तेव्हा तीच लोकं कॅनॉलवर नारळ घेऊन.
आणि सूतगिरणी. तालुक्यात कापूस नाही आणि सूतगिरणी काढली, बाहेरून कापूस आणून चालवली. राज्यात कितीतरी सहकारी गिरण्यांना कुलपं लागली, ही चालली, वर बायकांची वेगळी काढली.

खरं_ते_बोला
आरती झाली असेल तर उरलेलं पण सांगा. १९७२ ला पडले, ७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, १९९५ ला परत पडले, दोनशेच्या आत मतांनी. म्हणजे तालुका काय डोळे झाकून मागं नव्हता. मंत्री दोनदाच, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद सरकारमध्ये आणि १९९९ ला विलासरावांच्या वेळी, बाकी सगळी हयात विरोधी बाकावर. पाणी यायला इतकी वर्षं लागली त्याचं एक कारण हे पण आहे ना? सत्तेतला आमदार असता तर लवकर आलं असतं असं म्हणणारे तुमच्याच तालुक्यात ढिगानं भेटतील.

माणकाठी
म्हणतात की, आमच्या घरातच चुलते म्हणतात. पण शेजारच्या तालुक्यांत सत्तेतले आमदार होते, त्यांना तरी कुठं लवकर मिळालं?

भगवा_डाळिंब
मधी बोलतो, डाळिंबाचं कोणी काढलंच नाही. रोजगार हमीतून फळबागा लावायची योजना १९९० च्या सुमारास आली, आमच्या वडिलांनी मुरमाड रानात खड्डे घेतले तेव्हा भावकी हसली होती. पुढं ठिबक, शेततळी, त्याच रानावर पक्कं घर झालं. योजना सगळ्या राज्याला होती, आबांची एकट्याची नाही, उगं श्रेय देणार नाही. पण कागद अडला की त्यांच्याकडं जायचं आणि काम होणार असेल तर हो, नसेल तर तोंडावर नाही. या नाहीसाठीच लोक मानायचे, माझं मत. नंतर तेल्या रोगानं बागा मोडल्या तो भाग वेगळा.

पंचगंगाकाठचा
भारी. मग २०१९ ला काय झालं?

माणकाठी
वय झालेलं, उभेच राहिले नाहीत. नातू अनिकेत उभा राहिला, हजारच्या आत मतांनी पडला. पाडलं शहाजीबापू पाटलांनी, तेच ते 'काय झाडी, काय डोंगर'वाले, ९५ ला आबांना पाडणारे पण तेच!! आबा २०२१ च्या जुलैत गेले. २०२४ ला दुसरा नातू बाबासाहेब लाल बावट्यावरच, म्हणजे शेकापकडूनच, निवडून आला.

खरं_ते_बोला
म्हणजे शेवटी घराणंच. घराणेशाहीवर दुसरा धागा काढा, इथं नको.

पंचगंगाकाठचा
काकांना हे सगळं पाठवलं. त्यांनी अंगठा दिला आणि खाली परत एसटीचाच फोटो टाकला.