भाव ‘सापडतो’, ‘ठरतो’ की ‘निघतो’?

गिरगावकर:
बाजारातले भाव काढायचा हिशेब संगणकालाही किती अवघड, यावरच्या एका लेखाचं मराठी करतोय. ‘बाजार किंमत शोधतो’ असं लिहिलं आणि अडलो. गिऱ्हाईक भाव विचारतं, व्यापारी भाव काढतो, ऊसदराची तर कोंडी फुटते. शोधतं कोण? आणि ‘संगणकीय जटिलता’ म्हणावं की ‘गुंतागुंत’?

अंकगणित्या:
जटिलताच ठेवा. गुंतागुंत म्हटलं की नुसता गोंधळ वाटतो. इथे प्रश्न एवढाच, की वस्तू आणि माणसं वाढली की हिशेबाच्या पायऱ्या किती झपाट्याने वाढतात.
‘शोधतो’ मात्र काढू नका, सगळा वाद त्यावरच आहे. ॲरो आणि डेब्रू या अर्थशास्त्रज्ञांनी 1954 मध्ये दाखवलं, की ठरावीक अटी पाळल्या तर सगळ्याच वस्तूंची मागणी आणि पुरवठा एकदम जुळवणारे भाव असतातच. ते काढायचे कसे, हे त्या सिद्धतेत नाही. 1960 मध्ये स्कार्फ या अर्थशास्त्रज्ञाने कागदावर तीनच वस्तूंचा बाजार मांडला. मागणी जास्त तिथे भाव चढवा, कमी तिथे उतरवा. भाव आपले गोल गोल फिरत राहतात, जुळतच नाहीत.

माहीमची:
आमच्याकडे भाव ‘निघतो’. ससून डॉकला पहाटे पापलेटची पाटी पुढे आली, बोली चढली, थांबली, की निघाला भाव. पुढची पाटी. कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसत नाही.

अंकगणित्या:
ताई, एका पाटीचं सोपंच आहे. शेअर बाजारात 9 ते 9:15 च्या सत्रात तेच होतं: आलेल्या ऑर्डरी गोळा करायच्या आणि ज्या भावाला जास्तीत जास्त शेअर हात बदलतील तो भाव उघडायचा. पण पापलेट महागलं की लोक सुरमईकडे वळतात, सुरमई चढली की कोंबडीकडे. बर्फ, डिझेल वेगळंच. हे सगळं एकदम जुळवायचं आहे.
दुसऱ्या किलोचं समाधान पहिल्याइतकंच असेल, तर हिशेब आवाक्यात राहतो. पण ते टप्प्याटप्प्याने घटतं असं धरलं (आणि दुसऱ्या किलोला तेवढी चव कुठे असते?), तर प्रश्न संगणकशास्त्रातल्या ‘पीपीएडी’ नावाच्या वर्गातल्या सगळ्यात कठीण प्रश्नांत जातो. चेन, दाई, दू आणि टेंग या संगणकशास्त्रज्ञांनी हे 2009 मध्ये दाखवलं. या वर्गात उत्तर आहे याची खात्री असते, पण ते झटपट काढायची सर्वसाधारण रीत कुणाला माहीत नाही.

गिरगावकर:
म्हणजे एका मालाचा भाव ‘निघतो’, आणि अख्ख्या बाजाराचा समतोल ‘सापडेलच असं नाही’. ‘ठरतो’ बाद, त्यात कुणीतरी बसून ठरवल्यासारखं वाटतं. आता वालरास या अर्थशास्त्रज्ञाने 1874 मध्ये भाव कमीजास्त करत समतोलाकडे जाण्याला जो फ्रेंच शब्द (tâtonnement) वापरला, त्याला ‘चाचपणी’ लिहू?

माहीमची:
चाचपणी उमेदवारीची करतात हो, मुद्दाम आणि हुशारीने. अंधारात हात पुढे करून चालणं असेल तर ‘चाचपडणं’ लिहा.

अंकगणित्या:
चाचपडणंच. मूळ अर्थही तोच आहे.