मदत हवी आहे : नवऱ्याची शिफ्ट सुटली, आता रोज लवकर घरी येतो, पण आमची रात्रीची वीस मिनिटं गेली

चाफेकळी :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते. घरात भांडण नाही, कुणी आजारी नाही, पैशाची मोठी ओढाताण नाही, त्यामुळे मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली सुख टोचतंय तुला. पण मला खरंच मदत हवीये.

आम्ही चिंचवडला राहतो, वन बीएचके. लग्नाला १३ वर्षं झाली, मुलगा पाचवीत. मी एका पतसंस्थेत आहे, १० ते ६. नवरा चाकणच्या एका कंपनीत, आणि लग्न झाल्यापासून तिन्ही शिफ्ट, दर आठवड्याला बदल. फर्स्ट असली की पहाटे साडेचारला माझा कुकर, नाइट असली की दिवसभर पडदे ओढून घर चिडीचूप, आणि सेकंड असली की तो दुपारी अडीचला निघणार ते रात्री साडेबाराला परत. सगळे म्हणायचे सेकंड म्हणजे संसाराची वाट, नवराबायकोची गाठच पडत नाही. मला मात्र तीच सगळ्यात आवडायची.

कारण साडेबाराला तो बेल वाजवायचा नाही, कडी दोनदा हलवायचा. मुलगा हॉलमध्ये झोपलेला असायचा म्हणून मोठा दिवा नाही, ओट्यावरचा छोटा तेवढा लावायचा. मी भात गरम करायचे, वर लसणाची फोडणी, तोपर्यंत तो हातपाय धुऊन ताटं घ्यायचा आणि आम्ही तिथेच स्वयंपाकघरात खाली बसायचो. मी आधीच जेवलेली असायचे तरी त्याच्या ताटातले चार घास व्हायचेच. सगळं बोलणं कुजबुजत. कोण काय म्हणालं, कुठलं मशीन बंद पडलं, मुलाच्या बाईंनी वहीत काय लिहिलं. कँटीनमधे मिळालेला बिस्किटाचा छोटा पुडा तो न खाता खिशातून आणायचा, कधी केळं, आणि ते ओट्यावर ठेवायचा, बोलायचा काही नाही. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. मग झोप. सकाळी उठताना डोळे चुरचुरायचे पण दिवसभर बरं वाटायचं.

जूनपासून त्याला जनरल शिफ्ट मिळाली, म्हणजे रोज दिवसाचीच. साडेसहाला घरी. मी सातपर्यंत पोचते. १३ वर्षं ज्याची वाट बघितली ते झालं. आणि आता संध्याकाळी आम्ही तिघं एका खोलीत असतो, तो मोबाइलवर, मुलगा टीव्ही लावून वही पुढ्यात घेऊन, मी आत स्वयंपाकाला, नऊला जेवण, दहाला आडवे. दिवसाचे तीन साडेतीन तास एकत्र असतो आणि बोलणं किती तर गॅस बुक केला का आणि उद्या डब्याला काय.

मी बोलून बघितलं. तो म्हणाला, आहे ना मी घरीच. तेही खरंच आहे ना, त्यावर काय बोलणार. शनिवारी बाहेर जेवायला जाऊन बघितलं, तिथेही दोघं मेन्यूकार्ड वाचत बसलो. नऊनंतर मोबाइल बंद असा नियम केला तो चार दिवस टिकला, कारण मोबाइल ठेवल्यावर करायचं काय तेच कळेना.

तर मला ट्रिप, वाढदिवस, गिफ्ट असं काही नकोय. तुमच्या घरात रोजचं, फुकटचं, दमलेल्या माणसांना जमेल असं काय आहे ज्याची संध्याकाळी वाट बघावीशी वाटते? मुलगा घरात असताना होईल असं सांगा. प्लीज.

डोंगरवाट :

ताई, मी भोसरीत १९ वर्षं शिफ्ट केली, म्हणून तुमच्या मिस्टरांच्या बाजूनं लिहितो. जनरल मिळाली तेव्हा पहिले कितीतरी महिने मी घरात पाहुण्यासारखा होतो. संध्याकाळी सातला आपलं घर काय करतं हे मला माहीतच नव्हतं हो. बायको कुकर लावतेय, मुलगी पाढे म्हणतेय, कचऱ्याचा डबा कोण बाहेर ठेवतं, दूध कोण आणतं, सगळं ठरलेलं, आणि ते सगळं माझ्याशिवाय बसवलेलं. मी जिथे उभा राहीन तिथे मध्येच यायचो. मग आपला कोपरा धरायचा आणि मोबाइल काढायचा.

आता तुमच्या लिहिण्यात बघा, साडेबाराला ताटं कोण घ्यायचं? तो. त्या वीस मिनिटांत त्याचं काम होतं, जागा होती. आता संध्याकाळी त्याचं काम काय आहे?

आमच्याकडे एकदा बायकोनं कोथिंबिरीची जुडी हातात दिली, एवढी निवडा म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी आपणहून मागितली. सहा वर्षं झाली, आमच्या घरात कोथिंबीर माझी. ती हात लावत नाही. मी ओट्याशी स्टूलावर बसतो, ती पोळ्या करते, बोलणं आपोआप होतं. मदत कराल का असं रोज विचारू नका, एक काम त्यांच्या नावावरच करून टाका.

अजून एक, झोप. शरीराला सवय लागायला मला चार पाच महिने गेले. नऊलाच डोळे मिटायचे नाहीतर रात्री दोनला टक्क जाग. तो गप्प असेल तर दर वेळी मन नाही असं धरू नका.

तिन्हीसांज :

आमचं उत्तर रेडिओ. रात्री दहाला विविध भारतीवर छायागीत लागतं, दिवा बंद करून पडल्या पडल्या ऐकतो. पुढचं गाणं कुठलं लागेल ते ओळखायचं, हरेल त्यानं सकाळचा चहा करायचा. मोबाइलवर गाणी लावून ही मजा येत नाही कारण तिथे आपणच निवडतो. इथे पुढे काय येणार ते दोघांनाही माहीत नसतं.

हिरवी मिरची :

एक विचारू का, राग मानू नकोस. हे सगळं शोधायचं काम पण तूच का करतेयस? नोकरी तुझी, स्वयंपाक तुझा, डबा तुझा आणि आता घरातला आनंद पण तूच आणायचा? त्याला लिहायला सांग की इथे.

चाफेकळी :

डोंगरवाट दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. खरं सांगते, त्याला संध्याकाळी काम दिलंच नाही मी. एकदा तो पोळ्या भाजायला आला होता तर मीच म्हणाले राहू दे, मला उशीर होतोय. ते आत्ता आठवलं.

हिरवी मिरची, राग नाही आला, तुझा प्रश्न बरोबर आहे आणि काल रात्री त्यावर विचार केला. पण ते बिस्किटाचे पुडे तोच आणायचा ना, मी कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे त्याच्याकडूनही होतं, आत्ता कुठेतरी अडकलंय. पहिलं कुणी हलायचं एवढंच, ते मी हलते.

आता प्रश्न असा की त्याला स्वयंपाकातलं काही येत नाही. चहा येतो. आणि हो, सासर रोह्याकडचं आहे, लहानपणी आईबरोबर बसून वाल सोलायचा असं सांगतो. गावाहून आलेले दोन किलो कडवे वाल डब्यात पडून आहेत, मला वेळच होत नाही म्हणून बिरडं वर्षातून दोनदा.

आजोळ :

अगं मग डबा उघड की! मी ६८ वर्षांची आहे, पेणची, आणि सांगते वालासारखं दुसरं काही नाही. दोन्ही हात ओले, त्यामुळे मोबाइलला हात लावता येत नाही. डोळ्यांना फार काम नाही, तोंडाला तर अजिबात नाही. आमच्या घरातली निम्मी लग्नं वाल सोलताना ठरली.

शनिवारी सकाळी अर्धा किलो भिजत घाल. रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेव, थंडी आहे म्हणून वर एक जाड कापड टाक. रविवारी संध्याकाळपर्यंत बोटभर नाही पण बऱ्यापैकी मोड येतील. मग कोमट पाण्यात अर्धा तास टाकायचे, अंगठा आणि बोटात दाबलं की डाळिंबी, म्हणजे सोललेला वाल, टुणकन बाहेर. नवऱ्याला येत असेल तर तुला तोच शिकवेल, शिकवू दे. आणि परात खाली मांड, टेबलावर नको. मुलाला पण बोलाव पण जबरदस्ती करू नको. मुख्य म्हणजे जरा एकत्र वेळ घालवूया असलं काही म्हणू नकोस, नुसतं म्हण की वाल भिजलेत, सोलायला ये.

ऱ्हाइन नदीकाठ :

आम्ही दोघं जर्मनीत, त्यामुळे वाल वगैरे वाचून पोटात कालवाकालव झाली. इकडे रविवारी दुकानं बंद असतात. आल्यावर पहिलं वर्ष फार चिडचिड व्हायची, आता तोच आमचा आवडता दिवस झालाय कारण आणायला जायचंच काही नसतं. घरात असेल नसेल ती पिठं एकत्र करून थालीपीठ, तो थापतो मी भाजते, भोकं पाडायचं काम लेकीचं. आजोळ काकूंच्या म्हणण्याला माझं अनुमोदन, हात गुंतले पाहिजेत.

खडीसाखर :

चिंचवडला आहात तर एक सुचवते. पीसीएमसी स्टेशनवरून आता मेट्रोनं थेट मंडईत उतरता येतं, २०२४ च्या सप्टेंबरपासून. आम्ही महिन्यातून एका रविवारी सकाळी दोघंच जातो, दोन पिशव्या घेऊन. महात्मा फुले मंडईची ती १८८६ ची जुनी इमारत, आत गाळ्यांवर बसलेले भाजीवाले, आणि आमचं ठरलेलं आहे की कधी न केलेली एक भाजी आणायचीच. मागच्या वेळी करांदे म्हणून कंद असतात ते आणले. रोजचं नाही हे, पण रविवारी आणलेलं आठवडाभर निवडायला होतं, त्यातून तुमचं रोजचं निघेल.

चाफेकळी :

सगळ्यांना आधी मनापासून थँक्यू. काय झालं ते सांगते, जरा लांबेल.

शनिवारी वाल भिजवले. रविवारी संध्याकाळी परात खाली मांडली आणि आजोळ काकूंनी सांगितलं तसंच म्हणाले, वाल भिजलेत. तो आला, बघितलं, म्हणाला पाणी गार झालंय, अजून थोडं कोमट घाल. उठून त्यानंच घातलं. मग मांडी घालून बसला आणि काय वेगानं सोलायला लागला! मी दोन सोलेपर्यंत त्याचे सहा. माझी पद्धत चुकीची निघाली, मी नखानं साल काढत होते, तो नुसता दाबतो. १३ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं कारण बिरडं मी एकटीच करायचे.

पहिली दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं गेलं हेही. मग तो आपणहून सांगायला लागला की आई वाल सोलताना एक डाळिंबी मोडली तरी ओरडायची, आणि पोपटीला, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायला, शेतात जायचे तेव्हा मडक्यात भांबुर्ड्याचा पाला कोण आणणार यावरून मुलांची मारामारी व्हायची. मुलगा टीव्ही सोडून येऊन बसला. त्यानं सालं बाजूला करायचं काम घेतलं. त्याला वडलांच्या लहानपणाचं हे काहीच माहीत नव्हतं. मला निम्मं माहीत होतं.

मुलगा झोपायला गेल्यावर थोडे उरले होते ते आम्ही दोघं सोलत बसलो. मुलगा झोपतोय म्हणून आवाज आपोआप खाली आला. तेव्हा मी त्याला सांगितलं की मला सेकंड शिफ्टची आठवण येते. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, तुझी झोपमोड होते, सकाळी तुझे डोळे लाल असतात, म्हणून तर मी दोन वर्षं साहेबांच्या मागे लागून जनरल मागून घेतली. मला हे माहीतच नव्हतं हो. मला वाटलेलं कंपनीनं दिली. मी काही बोलू शकले नाही, हात ओले होते म्हणून डोळे दंडाला पुसले.

बिरड्यात नारळाचा रस त्यानं काढला, आमसुलं किती घालायची यावरून आमचं थोडं वाजलं, त्याच्या अंदाजानं घातली, चांगलं झालं. सोमवारी डब्याला पण तेच.

रोज असं होणार नाही हे कळतंय. मंगळवारी तो दमून आला आणि नऊलाच झोपला, मी एकटीच मेथी निवडली. बुधवारी मात्र मी घरी पोचले तर परात खाली मांडलेली आणि किलोभर मटार त्यानं येताना आणलेले.

आता पुढचं विचारते. संक्रांत जवळ आलीये, दरवर्षी मी तिळगूळ विकतच आणते कारण एकटीनं लाडू वळताना पाक आळतो आणि शेवटी सगळा चुरा होतो. या वर्षी दोघं मिळून करायचेत. प्रमाण काय घेऊ?

आजोळ :

तीळ अर्धा किलो, चिक्कीचा गूळ अर्धा किलो, दाण्याचं भरड कूट पाव किलो, वेलची, चमचाभर तूप. तीळ मंद आचेवर खमंग भाज, तडतडायला लागले की उतरव. गुळात तूप घालून पाक कर, थेंब गार पाण्यात टाकून बघ, गोळी झाली की गॅस बंद, मग बाकी सगळं घाल. गरम असतानाच वळावे लागतात म्हणून एकटीचे होत नाहीत, चार हात हवेतच. कढई गरम पाण्याच्या परातीत ठेव म्हणजे पटकन आळणार नाही. हाताला पाणी लावा, आणि मुलाला पहिल्या गरम घाण्याला हात घालू देऊ नका, चटका बसतो.

डोंगरवाट :

आणि पाक बघायचं काम मिस्टरांना द्या.

चाफेकळी :

तो आत्ता शेजारी बसून वाचतोय. विचारतोय की चिक्कीचा गूळ वेगळा मागावा लागतो का दुकानात?

आजोळ :

हो, चिक्कीचाच म्हणून सांगायला हवं. साध्या गुळाचे मऊ होतात.