शब्दचर्चा: कंट्री गायक, अल्बम आणि ‘युनिट’

प्रश्न: क्रिस स्टेपलटनवर मराठीत लिहिते आहे. ‘कंट्री सिंगर’ला ‘ग्रामीण गायक’ म्हणावं का? आणि त्याच्या ‘ट्रॅव्हलर’ अल्बमने नोव्हेंबर २०१५ मधल्या एका आठवड्यात गाठलेल्या १,७७,००० युनिटना तेवढ्या प्रती म्हटलं तर चालेल?

– ‘ग्रामीण गायक’ नको, गाणारा खेड्यातला आहे एवढंच कळतं. ‘लोकगायक’ही नको. लोकगीताला ठरावीक कर्ता नसतो, कंट्रीत गीतकाराचं नाव आणि त्याचा मोबदला यांवर सगळा धंदा उभा आहे. स्टेपलटन स्वतः २००१ पासून नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या अमेरिकी केंद्रात इतरांसाठी गाणी लिहीत होता. जॉर्ज स्ट्रेट, केनी चेस्नी, ल्यूक ब्रायन या कंट्री गायकांनी ती गायली. सरळ ‘कंट्री गायक’ लिहा आणि पहिल्या उल्लेखाला ‘अमेरिकेच्या दक्षिण भागात रुजलेलं कंट्री संगीत’ असं जोडा.

– आता युनिट. प्रती म्हणू नका. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाने डिसेंबर २०१४ पासून अल्बमच्या मुख्य यादीत तीन गोष्टी एकत्र मोजायला घेतल्या: अख्खा विकलेला अल्बम १ युनिट, त्यातली सुटी विकलेली १० गाणी मिळून १, आणि स्ट्रीमिंगवर १,५०० वेळा वाजलेली गाणी मिळून १. म्हणजे १०० सुटी गाणी आणि १५,००० स्ट्रीम यांची २० युनिट होतात, अल्बम एकही न खपता. (२०१८ मध्ये पैसे भरून ऐकणारे आणि फुकट ऐकणारे यांचे दर वेगळे झाले, २०१५ च्या आकड्याला ते लावू नका.) त्या १,७७,००० पैकी अख्ख्या अल्बमची विक्री सुमारे १,५३,००० होती. ‘विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून १ लाख ७७ हजार युनिट’ लिहिलंत की काम झालं.

– अल्बमला ‘गीतसंग्रह’ म्हटलं तर वाचकाला पुस्तक वाटेल. ‘ध्वनिफीत’ म्हणजे कॅसेट. अल्बमच ठेवा, पुल्लिंगी: अल्बम आला, निघाला.

– ‘गोल्ड’चं ‘सुवर्णपदक’ केलेलं वाचलंय! ते पदक नाही, पुरस्कारही नाही. अमेरिकेत आरआयएए ही रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, कंपनीने अर्ज केल्यावर, खपाचं प्रमाणपत्र देते: गोल्ड ५ लाख, प्लॅटिनम १० लाख, डायमंड १ कोटी युनिट. ‘अल्बम प्लॅटिनम ठरला’ हे बरोबर. ग्रॅमीला मात्र पुरस्कारच म्हणायचं.

– एक राहिलं. ‘ट्रॅव्हलर’ मे २०१५ मध्ये बिलबोर्डच्या यादीत १४ व्या क्रमांकावर आला आणि पुढे यादीबाहेर गेला. ४ नोव्हेंबरला सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कार सोहळ्यात स्टेपलटन पॉप गायक जस्टिन टिंबरलेकबरोबर गायला, तीन पुरस्कारही मिळाले, आणि त्या आठवड्याच्या यादीत अल्बम थेट पहिला. याला ‘स्टेपलटनचं पुनरागमन’ म्हणू नका, तो गेलाच कुठे होता? ‘अल्बम यादीत परतला तो थेट पहिल्या क्रमांकावर’ म्हणा. ‘रातोरात स्टार’ही टाळा, ‘नावारूपाला आला’ चपखल बसतं. त्या तिनांतला एक पुरस्कार ‘नवोदित कलाकार’ हा होता, वय वर्षं ३७. नावच तसं आहे, तिथे ‘नवोदित’ बदलू नका.