विषय: ऑक्टोबरची सहल – योंगिन की मुनग्यंग?

स्मिता, सुवॉन

नमस्कार मंडळी,

यंदा कोरियन ऐतिहासिक मालिकांचा सेट पाहायचा, एवढं मागच्या बैठकीत ठरलं. कुठला, ते ठरायचंय. मला योंगिनचं देजांगगम पार्क सोयीचं वाटतं. सोलपासून जवळ आहे, शिवाय आमच्या सासूबाई त्याच सुमारास पुण्याहून येतायत. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून राजवैद्य झालेल्या जांगगमची मालिका २००६ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत लागायची, 'घर का चिराग' नावानं. आईंनी ती मनापासून पाहिली होती. तो मुदपाकखाना त्यांना दाखवावा असं फार वाटतं. दुसरं काही सुचत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

माधव, देजॉन

स्मिताताई,

आईंचा विषय आहे म्हणून हे आधी सांगतो. जांगगमची मालिका योंगिनला झालेली नाही. ती २००३-०४ ची. तिचा सेट सोलच्या उत्तरेला यांगजूत होता आणि तो बंद होऊनही बरीच वर्षं झाली. योंगिनचं काम एमबीसी या कोरियन वाहिनीनं २००५ मध्ये सुरू केलं, लोकांसाठी ते २०११ मध्ये उघडलं आणि जांगगमचं नाव त्याला त्यानंतर मिळालं. जागा छान आहे, पुढच्या कितीतरी मालिका तिथे झाल्या. पण आईंना सांगून न्यायचं तर एवढं माहीत असलेलं बरं.

माझं मत मुनग्यंगच्या सेजे खिंडीतल्या सेटला. केबीएस या दुसऱ्या वाहिनीनं तो सेट २००० मध्ये बांधला, गोर्यो घराण्याचा संस्थापक वांग गॉन याच्यावरच्या मालिकेसाठी. गोर्योंची राजधानी गेसॉंग. ती आज उत्तर कोरियात, म्हणजे तिथे चित्रीकरणाचा प्रश्नच नाही. मुनग्यंगचे डोंगर गेसॉंगमागच्या सोंगाक डोंगरासारखे दिसतात म्हणून ही जागा निवडली गेली. मग २००८ मध्ये सेजोंग राजावरची मालिका आली, तेव्हा त्याच जागी त्याच्या जोसॉन घराण्याच्या, म्हणजे गोर्योंनंतरच्या काळातलं सोल उभं राहिलं. ग्यंगबोकगुंग राजवाडा, त्याचा ग्वांगह्वामुन दरवाजा, युवराजाचा महाल, सरदारांचे कौलारू वाडे, गरिबांची गवतानं शाकारलेली घरं, अशा सगळ्या मिळून १३० इमारती. वेधशाळेची कचेरीसुद्धा आहे, कारण सेजोंगच्या दरबारात ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणाला मोठा मान होता.

तिथे गेलात की दरबारापाशी फोटो काढून घ्या आणि वेळ शाकारलेल्या घरांच्या गल्लीत घालवा. दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी वाट, मातीच्या भिंतींना तडे, पावसानं काळवंडलेलं छपराचं गवत, वळचणीला टांगलेल्या टोपल्या. जोत्याचे काही दगड बोटानं वाजवले की पोकळ वाजतात. तरी चार पावलं मागे सरून पाहिलं की ते घर घरच दिसतं. वर पाहाल तर विजेची एक तार नाही की उंच इमारत नाही, थेट डोंगर. कॅमेऱ्याला तेच हवं असतं. कसबी लोकांनी किती जीव ओतून काम केलंय, ते त्या गल्लीत कळतं.

वसंतकाका, सोल

माधव,

तुझं लिहिणं वाचून आनंद झाला, पण माझी शंका मांडतो. १३९५ चा खरा ग्यंगबोकगुंग माझ्या घरापासून मेट्रोनं जवळ आहे. तो सोडून पोकळ दगडांचा राजवाडा पाहायला इतक्या लांब का जायचं? कर्जतच्या स्टुडिओतला किल्ला पाहिला म्हणून कोणी रायगड चढायचा सोडत नाही.

माधव, देजॉन

काका, रायगड सोडायचा नाहीच. मुनग्यंगला दोन्ही एकाच वाटेवर आहेत, म्हणून तर एवढा आग्रह धरतोय.

ग्यंगबोकगुंग १५९२ च्या जपानी स्वारीत जळाला आणि पुढे पावणेतीनशे वर्षं तसाच पडून होता. आज दिसतो तो १९व्या शतकात आणि त्यानंतर पुन्हा बांधलेला. आजचा ग्वांगह्वामुन तर २०१० मध्ये पूर्ण झाला. त्या आवारात पेटत्या मशाली नेता येत नाहीत, घोडदळ दौडवता येत नाही, लाकडात खिळा ठोकता येत नाही. मालिकावाल्यांना सेट लागतो तो त्यासाठी.

आणि ती स्वारी आली याच खिंडीतून. बुसानकडून सोलला जाणारा जुना राजमार्ग सेजेवरून जायचा. दक्षिणेतले विद्यार्थी दरबारी परीक्षेला याच वाटेनं चालत जात. १५९२ मध्ये सेनापती सिन रिप यानं ही खिंड अडवलीच नाही. घोडदळाच्या भरवशावर तो पुढे चुंगजूजवळ तांगुमदेला, नदी पाठीशी घेऊन उघड्यावर लढला. सैन्य बुडालं, तो स्वतः गेला आणि सोलचा रस्ता मोकळा झाला. पावनखिंड ऐकत वाढलेल्या माणसाला तिथे उभं राहून फार लागतं हो. दोन्ही बाजूंनी डोंगर असे आवळत आलेत की मोजक्या माणसांनीही वाट रोखून धरली असती, असं वाटत राहतं.

शहाणपण नंतर आलं. खिंडीतल्या तीन दरवाज्यांपैकी मधला जोगोकग्वान १५९४ मध्ये उभा राहिला, पहिला जुहुलग्वान १७०८ मध्ये. जुहुलग्वान ओलांडला की थोड्याच अंतरावर सेट लागतो. म्हणजे खऱ्या वेशीतून आत शिरून आपण उभारलेल्या राजधानीत पोचतो. हे योंगिनला मिळणार नाही.

वसंतकाका, सोल

सिन रिपचं नाव माहीत होतं, पण त्यानं सोडली ती खिंड हीच, हे माहीत नव्हतं. माझं मत मुनग्यंगला. गुडघ्यांचं काय ते मात्र सांग. पहिल्या दरवाज्यापासून तिसऱ्यापर्यंत साडेसहा किलोमीटर आहे म्हणे.

अनघा, पानग्यो

काका, सेटपर्यंत बॅटरीवरची गाडी जाते, आईंनाही ती बरी पडेल. पुढचा रस्ता चोपलेल्या मातीचा आहे. झेपेल तेवढं चालायचं आणि परतायचं. बरेच लोक तिथे अनवाणी चालतात, पाय धुवायची सोय आहे. मुलांना हे फार आवडेल.

नोव्हेंबर २०२४ पासून पानग्योहून थेट मुनग्यंगपर्यंत केटीएक्स-ईउम ही वेगवान रेल्वे जाते, साधारण दीड तास. स्टेशनवरून पुढे बस किंवा टॅक्सी. खिंड आणि सेट ज्या उद्यानात आहेत त्याला तिकीट नाही, सेटचं वेगळं काढावं लागतं. चित्रीकरण चालू असेल तर काही भाग बंद ठेवतात, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करायला हवा. तो मी करते.

शाकाहारी मंडळींसाठी रानभाज्यांचं बिबिमबाप, म्हणजे भाज्या घालून कालवलेला भात, मिळतं. मांस आणि अंडं नको, हे मागवतानाच सांगा. सोबतच्या द्वेंजांग (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्ये बहुतेक ठिकाणी सुकी मासळी असते, ते घेऊ नका. ऑक्टोबर म्हणजे तिथे सफरचंदांचा हंगाम, तर परतताना पिशव्या रिकाम्या ठेवा.

स्मिता, सुवॉन

मुनग्यंग नक्की. आईंना जांगगमच्या सेटचं सांगितलं, त्यांना वाईट वाटलं, पण खिंडीची हकीकत दोनदा ऐकून घेतली. माधव, पहिल्या दरवाज्यापाशी सगळे जमल्यावर १५९२ ची गोष्ट तुम्हीच सांगायची. पानं रंगतात त्या दिवसांतल्या शनिवार-रविवारी गाडी लवकर भरते, म्हणून मोठी माणसं किती आणि मुलं किती, हे बुधवारपर्यंत याच मेलवर कळवा.